सुटी संपवून परत जाताना

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या संस्थेत उर्दू आणि मराठी अशी दोन्ही माध्यमे आहेत. मी मराठी माध्यमाचा विद्यार्थी, म्हणून मराठीतच बोलतो. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परदेशातील शिक्षकाची नोकरी’ असा विषय छापला आहे. तो वाचून आमच्या मोहल्ल्यातील एका चाचांनी मला काल विचारले, “तिथे शाळेलाही लिफ्ट असेल ना?” परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दुबई येते. मी ज्या बेटावर शिकवतो ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून जायला पंचवीस मिनिटे लागतात, आणि शाळा बैठी आहे. तेव्हा विषय थोडा बदलून घेण्याची मला परवानगी द्यावी. परवा रात्री मला परत निघायचे आहे. सहा आठवड्यांची सुटी संपली. सुटी संपवून परत जाताना माणसाला काय वाटते, एवढेच मी सांगू शकेन. शिवाय या सुटीत आपल्या संस्थेने मला एक प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर कार्यालयात देण्यापेक्षा आपणा सर्वांच्या देखत द्यावे असे मी ठरवले आहे.

आधी मी गेलो कसा ते सांगतो. मी जळगावचा, माझी सासुरवाडी धुळ्याची. भूगोल घेऊन बी.ए. झालो, मग बी.एड. केले. बी.एड.चा निकाल लागला तो 2012 साली. जाणत्या लोकांना ते साल आठवत असेल. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली होती. कागदावरचा पट आणि वर्गातला पट यांत फरक निघाला, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि 2 मे 2012 रोजी शासनाने नव्या शिक्षक भरतीवर बंदी घातली. म्हणजे आम्ही पदवी हातात घेऊन दारात उभे राहिलो आणि दार आतून लावले गेले. पुढची साडेपाच वर्षे मी धुळ्यात एका विनाअनुदानित तुकडीवर शिकवले. शाळेचे नाव सांगत नाही. चालकांचाही नाइलाज होता, आणि मुले तर फारच गुणी होती. महिन्याचे मानधन ठरले होते 5 हजार रुपये. ते कधी तीन महिन्यांनी मिळे, कधी सणाच्या तोंडावर मिळे. शनिवारी एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने एस.टी.ने जळगावला यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. सायंकाळी शिकवण्या घेई, म्हणून संसार चालला.

मधल्या काळात आखातातील नोकरीचे आमिष दाखवून मुंबईच्या एका दलालाने माझ्याकडून 60 हजार रुपये घेतले आणि तो कार्यालयासकट नाहीसा झाला. त्यातले 40 हजार अब्बांनी उसने आणलेले होते. याबद्दल पालकांना दोन गोष्टी सांगून पुढे जातो. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या संस्थेला 1983 च्या कायद्याप्रमाणे भारत सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्या संस्थांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला 30 हजार रुपये आणि त्यावरील कर एवढी मर्यादा आहे. जो यापेक्षा जास्त मागतो आणि पावती देत नाही, त्याच्या कार्यालयातून उठून यावे. दुसरे असे की, दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखातासह ठरावीक 18 देशांत कामाला जाताना सरकारी परवानगी घ्यावी लागते. दहावी झालेल्याच्या पासपोर्टला ती अट नाही. मुलगा नववीत नापास झाला म्हणून त्याला ‘बाहेर पाठवून देऊ’ असे म्हणणारे पालक आजही मला भेटतात. बाहेरसुद्धा त्याला पहिल्यांदा दहावीच विचारणार आहेत.

शेवटी वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून अर्ज केला, मुलाखत झाली, आणि 2018 च्या जानेवारीत मी मालदीवला गेलो. मुलगा तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता.

मालदीव म्हणजे हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण पसरलेली सुमारे 1,200 लहान बेटे. त्यांपैकी दोनशेच्या आतबाहेर बेटांवर गावे आहेत. सगळ्या देशाची वस्ती पाच लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकट्या जळगाव शहराची वस्ती 4 लाख 60 हजार होती, म्हणजे एक जळगाव शहर समुद्रभर विखरून टाकावे तसा तो देश आहे. राजधानी मालेपासून माझे बेट रात्रभराच्या बोटीच्या अंतरावर. लोक मुसलमान आहेत. त्यांची भाषा धिवेही, आणि ती आपल्या मराठीच्याच कुळातली आहे. माशाला ते ‘मस’ म्हणतात, रोटीला ‘रोशी’. मात्र लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. त्या लिपीची गंमत अशी की, तिची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून, एक ते नऊवरून, तयार झाली आहेत. पहिल्या महिन्यात मी फळ्यावरचे नाव वाचायला जाई आणि मला पाढे आठवत.

आपल्याकडून तिकडे गेलेला मी काही पहिला नाही. इब्न बतूता हे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. 1342 साली दिल्लीहून चीनला निघालेला हा प्रवासी दौलताबादहून आपल्या नंदुरबारला आला. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले तेच नंदुरबार. तिथल्या मराठ्यांबद्दल त्याने लिहूनही ठेवले आहे. पुढे खंबायत, कालिकत करीत तो मालदीवला पोहोचला. शिकलेला माणूस म्हणून तेथे त्याला काझी नेमले गेले. त्या वेळी गादीवर खदीजा नावाची सुलताना होती, हे आमच्या मुलींनी ध्यानात ठेवावे. काही महिन्यांतच त्याचे वजिराशी बिनसले आणि 1344 साली तो निघून गेला. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुले विचारतात, “सर, तुम्ही कधी जाणार?” त्या प्रश्नात वाईट हेतू नसतो. बाहेरून आलेला शिक्षक करार संपला की जातो, हे त्यांना ठाऊक असते. त्या देशात परदेशी शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांत भारतीय सर्वांत जास्त. केरळ आणि तामिळनाडूचे तर विचारू नका. खानदेशचा मात्र मला अजून दुसरा भेटलेला नाही.

आता माझ्या कामाबद्दल. मी भूगोलाचा शिक्षक. आठवीच्या वर्गात नदीचा पाठ काढला. चौदा मुले होती. मालदीवमध्ये नदी नाही, डोंगर नाही. बहुतेक जमीन समुद्रापासून माणसाच्या उंचीइतकीही वर नाही. उगम, पात्र, वळण, मुख असे मी फळ्यावर काढत गेलो. एका मुलीने हात वर केला. “सर, नदी रात्रीसुद्धा वाहते का?” वर्ग हसला नाही, कारण ते कोणालाच माहीत नव्हते. मी ‘हो’ म्हणालो आणि माझ्याच लक्षात आले की, हे ‘हो’ त्यांनी माझ्या शब्दावर घेतले आहे. धुळ्यात मी पाचवीला समुद्र शिकवी तेव्हा हेच उलट होई. तिथल्या एका मुलाने मला विचारले होते, “सर, समुद्राला दुसरी बाजू असते का?” तेव्हा मीही समुद्र एकदाच, मुंबईला, पाहिलेला होता.

तेव्हापासून प्रत्येक सुटीत मी नद्या गोळा करतो. मोबाइलवर चित्रण करून नेतो. या वेळी मुलाला मोटारसायकलवर बसवून हतनूर धरणावर गेलो. पावसाळ्यात त्याचे 41 दरवाजे उघडतात तेव्हा पाहावे. आता थंडीत पाणी शांत आहे. एका मजुराकडून पुराच्या दिवसांतले चित्रणही मिळाले. मग मुलाच्या हातात कागद देऊन त्यावर तापीचा नकाशा काढला. मुलताईला उगम, पश्चिमेकडे 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, इथपर्यंत. धुळ्याला सासऱ्यांकडे गेलो तेव्हा पांझरेचे कोरडे पात्रही घेतले, कारण ‘ही पण नदीच’ हे त्या मुलांना कळायला हवे. मुलगा दोन दिवस हौसेने माझ्याबरोबर हिंडला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, “अब्बू, ये किसके लिए?” मी सहज बोलून गेलो, “मेरे बच्चों के लिए.” तो नऊ वर्षांचा आहे. काही बोलला नाही. कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

तो कागद माझ्या बॅगेत आहे. या भाषणाची तयारी करताना मी तो दोनदा काढून पाहिला.

सुटीवर आलेल्या माणसाचे घरातले स्थान मोठे चमत्कारिक असते. पहिले आठ दिवस तो पाहुणा असतो. वांग्याचे भरीत होते, कळण्याची भाकरी होते, शेवभाजी होते. अम्मी स्वतः ताटाजवळ बसते. दुसऱ्या आठवड्यापासून साठवून ठेवलेली कामे बाहेर येतात : वीज मंडळाचे बिल चुकीचे आले आहे, रेशनकार्डाचे अंगठे द्यायचे आहेत, छताला ओल येते. चौथ्या आठवड्यात मला वाटू लागते की आपण घरचे झालो. त्याच सुमारास कोणीतरी विचारते, “तिकीट कितव्या तारखेचे?” मुलाने तर या वेळी दुसऱ्याच दिवशी विचारले, “अब्बू, वापस कब जानेका?” मला लागले. रात्री पत्नीने सांगितले की तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजून ठेवतो. गेल्या खेपेला मी जाताना तो झोपलेला होता, म्हणून या वेळी आधीच विचारून घेतले.

माझी पत्नी डी.एड. आहे. घरी वीस मुलांच्या शिकवण्या घेते, अम्मीचा रक्तदाब पाहते, मुलगा आणि धाकटी मुलगी सांभाळते. सभेत टाळ्या मला मिळतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मी गेलो की घरात ज्या गोष्टी दोघांनी ठरवायच्या त्या ती एकटी ठरवते. मी आलो की मला विचारून ठरवते. कोणती पद्धत तिला सोयीची वाटते हे विचारायचे धाडस मी केलेले नाही.

पैशाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. परदेशी नोकरीची भाषणे या ठिकाणी नेमकी धूसर होतात. माझा पगार धुळ्यातल्या मानधनाच्या अनेक पट आहे. त्यातून अब्बांचे कर्ज फिटले, बहिणीचे लग्न झाले, भाऊ औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन दुकानात लागला, आणि दोन खोल्यांचे चार खोल्यांचे घर झाले. त्या घराचे बँकेचे हप्ते अजून आहेत. पगार तिथल्या रुफियात होतो. डॉलरची तिथे नेहमीच चणचण असते, त्यामुळे बँकेतून घरी पाठवायच्या रकमेवर मर्यादा येते आणि दर महिन्याला काही ना काही तिथेच अडकून राहते. भारतीय स्टेट बँकेची शाखा मालेला 1974 पासून आहे. तिच्या रांगेत मला जितके भारतीय शिक्षक भेटले तितके कोणत्या संमेलनात भेटले नसतील. किराणा महाग, कारण जवळजवळ सगळेच बाहेरून येते. कांदा, डाळ, तांदूळ, अंडी ही भारतातून ठरलेल्या कोट्याने जातात. तसा करार 1981 पासून आहे. केळी तिथे मोजून घ्यावी लागतात. रावेर-यावलच्या माणसाच्या पोटच्या पोराने केळी मोजून घ्यायची! अम्मी रावेरची आहे. तिला मी हे अजून सांगितलेले नाही.

या पैशाची किंमत काय पडली, तेही सांगितले पाहिजे.

पाऊस मालदीवला आपल्या आधी लागतो. नैर्ऋत्य मोसमी वारा तिथून पुढे केरळला जातो आणि मग महाराष्ट्रात चढतो. अब्बा दालमिलमध्ये मुकादम होते. तुरीचा भाव पावसावर, म्हणून त्यांचे सगळे लक्ष आभाळाकडे. मे महिन्यात त्यांचा फोन ठरलेला : “लागला का तुझ्याकडे?” मी ‘लागला’ म्हटले की ते मिलमध्ये जाऊन सांगत, “तीन-चार आठवड्यांत इथे येतो, माझ्या पोराने सांगितले आहे.” हवामान खात्याच्या अंदाजापेक्षा त्यांचा माझ्यावर विश्वास जास्त होता.

2020 च्या मे महिन्यात भारत सरकारने नौदलाची जहाजे पाठवून मालदीवमधल्या भारतीयांना परत आणले. पहिल्या फेरीत ‘जलाश्व’ जहाजातून 698 माणसे कोचीला उतरली. माझे नाव मी दिले नव्हते. परत आलो तर नोकरी राहील याची शाश्वती नव्हती आणि घराचे काम अर्धे झाले होते. 2021 च्या मे महिन्यात दुसरी लाट आली. अब्बांना दवाखान्यात नेल्याचा फोन आला तो रमजानच्या शेवटच्या दिवसांत. मालदीवने 13 मेपासून आपल्याकडून येणाऱ्यांचे व्हिसा थांबवले. अर्थ सरळ होता : मी जळगावला येऊ शकत होतो, परत जाऊ शकत नव्हतो. कोणी मला अडवले नव्हते. हे नीट ऐका, कारण लोक आजही मला सांगतात की ‘विमाने बंद होती, तू तरी काय करणार’. वाट होती. अवघड होती, पण होती. मी रात्रभर हिशेब केला आणि गेलो नाही. चौथ्या दिवशी अब्बा गेले. मातीला माझा हात लागला नाही. जुलैच्या मध्यात बंदी उठली. मी घरी आलो तो पुढच्या सुटीत.

त्या बेटावरच्या माणसांनी तेव्हा मला एकट्याला सोडले नाही. ज्या मुलीने नदीचा प्रश्न विचारला होता तिच्या घरून दहा दिवस जेवण आले. 2024 च्या जानेवारीत दोन्ही देशांच्या लोकांची समाजमाध्यमांवर मोठी तोंडातोंडी झाली. पर्यटकांनी जाऊ नये म्हणून इकडे मोहीम चालली. मला जळगावहून फोन येत, “तिकडे त्रास देतात का रे?” त्या आठवड्यातही शेजारून मासे आले. मी उलट शेवेचे पाकीट दिले. राजकारण मला फारसे कळत नाही. एवढे मात्र कळते की, पोराला शिकवणाऱ्या माणसाशी आईबाप भांडण लांबवत नाहीत, मग ते कोणत्याही देशाचे असोत.

आता संस्थेचा प्रश्न. आपल्या शाळेतील भूगोलाचे सर येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. मी या शाळेत नववी-दहावीला त्यांच्याच हाताखाली शिकलो. ते पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून मी तिकडे पाहत नाही. अध्यक्ष साहेबांनी मला बोलावून विचारले, “परत येतोस का? जागा तुझी.” तुकडीला अनुदान नाही, मानधन संस्थेच्या निधीतून द्यावे लागेल, हे त्यांनी आधीच सांगितले. कोणतीही गोष्ट लपवली नाही. शासनाने 2023 मध्ये शिक्षण सेवकांचे मानधन वाढवले, माध्यमिकला ते 18 हजार झाले; पण ते अनुदानित जागेवर. आपली ही जागा तशी नाही. अध्यक्ष साहेबांनी मला साने गुरुजींची आठवण दिली. बरोबरच आहे. आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 अशी सहा वर्षे गुरुजी शिकवत होते, मुलांच्या छात्रालयात राहत होते. इस्लामी संस्कृतीवर मराठीत आपुलकीने पुस्तक लिहिणाराही हाच माणूस. त्यांचे नाव निघाल्यावर कोणत्या मास्तराला ‘नाही’ म्हणवेल?

पण मी दोन दिवस विचार केला. गुरुजी कोकणातल्या पालगडचे. अमळनेर हे त्यांचे गाव नव्हतेच. ते दुसऱ्याच्या मुलुखात येऊन दुसऱ्यांच्या मुलांचे झाले, आणि खानदेशाने त्यांना कायमचे आपले म्हटले. माझ्या बेटावरची ती चौदा मुले आता मोठ्या वर्गात आहेत. केंब्रिजची परीक्षा काही महिन्यांवर आली आहे. तेव्हा साने गुरुजींचा दाखला दोन्ही बाजूंनी लागू पडतो असे मला वाटते. शिवाय गुरुजी अविवाहित होते. माझ्या मागे घराचा हप्ता आहे, तो सुटायला अजून काही वर्षे आहेत.

म्हणून माझे उत्तर असे : या मे महिन्यात मी येऊ शकत नाही. सर, मला माफ करा. ‘एवढा एक करार, मग आलोच’ असेही मी म्हणणार नाही. ते वाक्य मी घरी तीन वेळा म्हटले आहे आणि तीनही वेळा ते खोटे ठरले. परदेशी नोकरी करणारा प्रत्येक जण ते म्हणतो. म्हणताना त्याला ते खरेच वाटत असते. मी साल सांगत नाही. माझ्यासाठी जागा अडवून ठेवू नये. याच सभागृहात भूगोल घेऊन बी.एड. झालेल्या आपल्या दोन माजी विद्यार्थिनी बसल्या आहेत. त्या येथेच राहणार आहेत. त्यांना विचारावे, आणि ठरलेले मानधन महिन्याच्या महिन्याला द्यावे. माझ्या वाट्याला आलेले दिवस त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, यासाठी माझ्या पगारातून दरमहा काही रक्कम मी संस्थेकडे पाठवीन. ती किती, हे मी अध्यक्ष साहेबांना लिहून दिले आहे. सभेत सांगायची ती गोष्ट नव्हे.

दुसरे एक काम मात्र मी अंगावर घेऊ शकतो. मालदीवचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. तिथे शुक्रवार-शनिवार सुटी असते आणि आपल्याकडे शनिवारी सकाळची शाळा. मुख्याध्यापक साहेबांशी बोलून ठरले आहे की, दर शनिवारी सकाळी साडेआठला आपल्या संगणक कक्षात नववी ब चा भूगोलाचा एक तास मी तिथून घेईन. तिथली माझी काही मुलेही त्या वेळी माझ्याबरोबर बसतील, कारण सुटीच्या दिवशी बेटावर दुसरे करायला फारसे काही नसते. आपल्या मुलांनी त्यांना नदी सांगायची : गिरणा, वाघूर, तापी, धुळ्याच्या नातेवाइकांना विचारून पांझराही. त्यांनी आपल्याला समुद्र सांगायचा : भरती-ओहोटी, प्रवाळ, मासेमारीची बोट. इंग्रजीत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालेल. पुस्तकातले उतरून आणायचे नाही. स्वतः जाऊन पाहायचे आणि दहा ओळी लिहायच्या. ‘नदी रात्री वाहते का’ याचे उत्तर माझ्यापेक्षा तुमच्याकडून त्यांना जास्त खरे वाटेल. मात्र रात्री नदीवर एकट्याने जाऊ नये, वडिलांना बरोबर न्यावे. पालकांनी याला ‘नाही’ म्हणू नये, अशी विनंती आहे.

माझा मुलगा चौथीत आहे, नववी ब मध्ये बसायला त्याला अजून अवकाश आहे. पण मुख्याध्यापक साहेबांनी त्याला शनिवारी मागच्या बाकावर बसण्याची परवानगी दिली आहे. काल मी त्याला हे सांगितले आणि तापीच्या नकाशाचा तो कागद त्याच्या हातात परत दिला. पहिल्या तासाला फळ्यावर नकाशा तो काढणार आहे. सुरतेच्या पुढचा समुद्र त्याने कोराच ठेवला होता. रात्री त्याने तिथे ठिपके काढले आणि विचारले, “इसमें कौनसा?” मी एका ठिपक्यावर बोट ठेवले.

परवा अम्मी दंडाला इमाम जामिन बांधील. मग रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून विमानाने माले, आणि मग बोट. समुद्र खवळलेला नसला तर बुधवारी सकाळी बेटावर असेन. येत्या शनिवारी साडेआठला नववी ब ने नकाशावही आणि पेन्सिल घेऊन यावे. खुदा हाफिज.